साक्ष तर दिली होती, आता काय सांगू?

आजचे वाचन : मत्तय १६:१३-२८
सोबत वाचा : यिर्मया २८ व २९ अध्याय, योहान २१:१५-२२



आजचा उतारा आपल्याला संडे स्कूलपासून माहीत आहे. येशू शिष्यांना विचारतो की, लोक मला कोण म्हणतात आणि तुम्ही मला कोण म्हणता. पेत्र उत्तर देतो आणि येशू त्याला धन्य म्हणतो. बहुतेक वेळा आपण इथेच थांबतो. याच्या पुढच्या ओळींमध्ये तोच येशू त्याच पेत्राला सैतान म्हणतो, तो भाग आपण जरा भरभर वाचतो. निदान मी तरी इतकी वर्षं तसाच वाचत आले. आज दोन्ही भाग एकत्र वाचू या. त्याला एक कारण आहे आणि ते माझ्या घरातलं आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईला कॅन्सर झाला. ती नगरला राहायची, मी नोकरीसाठी पुण्यात. केमोसाठी तिला पुण्याला आणलं. सहा केमो झाल्यावर स्कॅन क्लिअर आला. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत पाळकांनी साक्षीसाठी विचारलं आणि मी पटकन उभी राहिले. माइक हातात घेऊन मी म्हणाले की, प्रभूने माझ्या आईला पूर्ण बरं केलं आहे, हा आजार आता परत येणार नाही, कारण देवाची योजना हिताची आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मोबाइलवर शूट केलं. सकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत होता. मीही तो स्टेटसला ठेवला.

पुढच्या सप्टेंबरमध्ये आजार लिव्हरमध्ये दिसला. फेब्रुवारीत आई गेली.

दफनविधीनंतर घरी प्रार्थना झाली. चहाचे कप गोळा करताना एक मावशी हळूच म्हणाली, "अगं, पण तू तर म्हणाली होतीस ना, प्रभूने बरं केलं म्हणून?" तिला मला दुखवायचं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. ऑफिसात गेल्यावर एका मैत्रिणीनेही तेच विचारलं. ती ख्रिस्ती नाही. तिने माझा स्टेटस पाहिला होता. कँटीनमध्ये ती म्हणाली, "रागावू नकोस, पण मग आता तू काय मानतेस?"

दोघींनाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईच्या जाण्याचं दुःख तर होतंच, पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट सलत होती. मी खोटं बोलले का? देवाने बरं केलं होतं, तर आजार परत कसा आला? आणि त्याने केलं नव्हतं, तर शंभर लोकांसमोर मी कुणाचं नाव घेतलं? देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये, ही दहा आज्ञांपैकी एक आज्ञा आहे. ती मी उपासनेत उभं राहून मोडली की काय, असं वाटू लागलं.

तीन सोप्या वाटा

अशा वेळी सुटायला तीन वाटा दिसतात. तुम्हीही त्यातली एखादी कधीतरी धरली असेल.

पहिली वाट : विश्वास कमी पडला. आईचा, नाहीतर माझा. हे उत्तर देवाला वाचवतं, पण त्यासाठी आजारी माणसाला दोषी ठरवतं. शेवटच्या महिन्यात ज्या बाईला पाण्याचा घोट गिळता येत नव्हता, आणि तरी जी रोज रात्री माझ्यासाठी प्रार्थना करत होती, तिला मी हे कसं म्हणू?

दुसरी वाट : देवाची योजनाच तशी होती. हे वाक्य चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण ते आपण अनेकदा झाकणासारखं वापरतो. समोरच्याचं रडणं आपल्याला सोसत नाही, म्हणून झाकण लावून मोकळे होतो. लाजराच्या कबरेपाशी काय होणार आहे हे येशूला माहीत होतं. तरीही मरियेला रडताना पाहून तो आधी रडला. त्याने तिला योजना समजावत बसवलं नाही.

तिसरी वाट : यापुढे काही बोलायचंच नाही. चर्चला जायचं, शेवटच्या बाकावर बसायचं, गाणी म्हणायची, पण साक्षीची वेळ आली की खाली बघायचं. मी ही वाट धरली आणि जवळजवळ वर्षभर तिच्यावर चालले. बाहेरून पाहणाऱ्याला ती नम्रता वाटते. खरं तर ती भीती होती. पुन्हा तोंडघशी पडायची भीती.

पेत्राचं बरोबर उत्तर आणि चुकीचं चित्र

आता पेत्राकडे येऊ या. हा प्रसंग फिलिप्पाच्या कैसरियाच्या भागात घडतो. हे ठिकाण उत्तरेला, हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी, जिथे यार्देनेचा एक झरा उगम पावतो. तिथे पान नावाच्या ग्रीक देवाचं स्थान होतं. मोठ्या हेरोदाने तिथे रोमी सम्राट औगुस्तासाठी मंदिर बांधलं होतं आणि त्याचा मुलगा फिलिप्प याने शहर वाढवून त्याला कैसराचं नाव दिलं होतं. म्हणजे ज्या भागात कैसर हाच प्रभू मानला जायचा, तिथे येशू हा प्रश्न विचारतो.

आधी तो लोक काय म्हणतात ते विचारतो. उत्तरं येतात : बाप्तिस्मा करणारा योहान, एलीया, यिर्मया. मग तो त्यांना थेट विचारतो. पेत्र म्हणतो की, तू ख्रिस्त आहेस, जिवंत देवाचा पुत्र आहेस. उत्तर पूर्ण बरोबर. हे तुला माणसाने कळवलं नाही, माझ्या पित्याने कळवलं, असं येशू स्वतः सांगतो.

आणि लगेच विसाव्या वचनात तो बजावतो की, हे कुणाला सांगू नका. लहानपणी मला याचं फार आश्चर्य वाटायचं. इतकी चांगली कबुली, मग लपवायची का? आता वाटतं, शब्द बरोबर होता, पण त्या शब्दामागचं चित्र अजून बरोबर नव्हतं. 'ख्रिस्त' म्हटल्यावर त्या काळच्या अनेकांच्या डोळ्यांसमोर दावीदाचं सिंहासन यायचं, रोमी सैन्य पळताना दिसायचं. शिष्य तेव्हाच गावोगावी सांगत सुटले असते, तर त्यांनी खरा शब्द सांगितला असता आणि ऐकणाऱ्यांनी भलताच अर्थ घेतला असता.

म्हणून येशू तेव्हापासून उघड सांगू लागतो की, मला यरुशलेमेला जायचं आहे, तिथे दुःख सोसायचं आहे, मला मारतील आणि तिसऱ्या दिवशी मी उठवला जाईन. पेत्र त्याला बाजूला घेतो आणि चक्क दटावतो. असं तुझ्या बाबतीत कधी होणार नाही, असं सांगतो. थोड्याच वेळापूर्वी ज्याला जिवंत देवाचा पुत्र म्हटलं, त्यालाच आता रस्ता दाखवतो!

येशूचं उत्तर कडक आहे. पण तो काय म्हणत नाही, हेही नीट बघा. तुझं आधीचं उत्तर चुकलं, असं तो म्हणत नाही. दिलेला आशीर्वाद परत घेत नाही. पेत्राची कबुली तशीच उभी राहते. तिच्यामागचं चित्र मात्र येशू मोडतो.

आणखी एक गोष्ट. तेविसाव्या वचनात येशू पेत्राला स्वतःच्या मागे व्हायला सांगतो. चोविसाव्या वचनात, ज्याला आपल्या मागे यायचं आहे त्याने काय करावं हे सांगतो. मूळ ग्रीकमध्ये 'माझ्या मागे' हे शब्द दोन्हीकडे अगदी सारखे आहेत. पेत्र पुढे येऊन गुरूला वाट दाखवत होता. येशू त्याला हाकलून देत नाही, त्याला परत शिष्याच्या जागी पाठवतो. शिष्याची जागा मागेच असते. तिथून पुढची वाट दिसत नाही, फक्त पुढे चालणाऱ्याची पाठ दिसते.

माझ्या साक्षीत काय होतं?

हे वाचल्यावर मी माझी ती साक्ष वहीत लिहून काढली आणि तिचे भाग केले. स्कॅन क्लिअर आला, हा पहिला भाग. ते खरं होतं आणि त्याबद्दल आभार मानणंही योग्य होतं. त्या आठ महिन्यांत आईने माझ्या हातची पुरणपोळी खाल्ली, भाचीचं बारसं पाहिलं. ते दिवस दानच होते. येशू प्रभू आहे आणि आईचं जीवन त्याच्या हातात आहे, हा दुसरा भाग. तेही खरं. तिसरा भाग असा की, आजार आता परत येणार नाही. हे मला कुणी सांगितलं होतं? डॉक्टरांनी नाही. वचनातही नव्हतं. ते मी घातलं होतं. मला ते खरं असायला हवं होतं, म्हणून.

आजार परत आला तेव्हा खरं तर तिसरा भाग मोडला. पण मी तिन्ही गोष्टी एका दमात बोलले होते, म्हणून तिन्ही मोडल्यासारख्या वाटल्या.

इथे माझी ऑफिसची मैत्रीण एक प्रश्न विचारू शकेल आणि तो रास्त आहे. हे तुमचं बरं आहे, चांगलं झालं की देवाने केलं आणि वाईट झालं की आमचा अर्थ चुकला! मग तुमचा विश्वास कधी चुकूच शकत नाही.

विश्वास म्हणजे भविष्य सांगणं असतं, तर हा आक्षेप शंभर टक्के बरोबर ठरला असता. प्रत्येक वेळी मागाहून 'मला तसंच म्हणायचं होतं' म्हणणाऱ्या ज्योतिषावर कोण विश्वास ठेवील? पण कबुली म्हणजे भाकीत नव्हे. वेदीसमोर उभे असलेले नवराबायको सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि आरोग्यात सोबत राहण्याचं वचन देतात. पुढे काय येणार हे दोघांनाही माहीत नसतं. दहा वर्षांनी एकाला मोठा आजार झाला, तर ते वचन खोटं पडतं का? उलट ते वचन नेमकं कशाबद्दल होतं, हे तेव्हा कळतं.

आणि आपला विश्वास कधीच चुकू शकत नाही असं तर पौलही म्हणत नाही. पहिल्या करिंथ पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो उघड सांगतो की, ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे. म्हणजे विश्वास एका घडलेल्या गोष्टीवर पणाला लागलेला आहे. पण ती गोष्ट म्हणजे येशूची रिकामी कबर. माझ्या आईचा स्कॅन नव्हे. मी नकळत सगळा भार रिपोर्टच्या एका कागदावर ठेवला होता.

हनन्याची दोन वर्षं आणि यिर्मयाची सत्तर

मी साक्षीत ज्या वचनाचा आधार घेतला, ते यिर्मया २९:११. आपल्या सगळ्यांचं आवडतं. मगवर असतं, वाढदिवसाच्या कार्डावर असतं, कुणाचा व्हिसा आला की स्टेटसला असतं. पण ते कुणाला लिहिलं होतं? बाबेलला धरून नेलेल्या लोकांना.

त्याच्या आधीचा अध्याय वाचा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की, दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मया त्याला आधी काय म्हणतो माहीत आहे? आमेन! परमेश्वर तसंच करो! म्हणजे चांगलं व्हावं ही इच्छा करण्यात पाप नाही. यिर्मयाचीही तीच इच्छा होती. पण त्याने आपल्या इच्छेवर देवाची सही केली नाही. हनन्याने केली.

मग यिर्मयाचं पत्र जातं : सत्तर वर्षं. हे पत्र वाचणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस आपल्या डोळ्यांनी दिसणार नव्हता. तरी त्यांनाच देव सांगतो की, तुमच्याविषयीचे माझे विचार हिताचे आहेत. तोवर काय करायचं? घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या, आणि ज्या शहरात मी तुम्हाला नेलं आहे त्याचं कल्याण चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

पुण्यामुंबईत भाड्याच्या खोलीत राहून 'देवाची खरी योजना' कधी सुरू होणार याची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पत्र किती जवळचं आहे! प्रमोशन, लग्न, बाळ, कॅनडा, जे काही असेल ते. न मागितलेल्या ठिकाणी आज करायची कामंही त्या योजनेतलीच आहेत.

केडगावची आई

आपल्याच मातीतली एक स्त्री मला या वर्षात पुन्हा पुन्हा आठवली. पंडिता रमाबाई. जन्म १८५८चा. आईवडील दुष्काळाच्या उपासमारीत गेले. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. पदरात एक लहान मुलगी, मनोरमा. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना आसरा दिला. मनोरमा शिकून आली आणि आईच्या कामात उभी राहिली. हे काम पुढे तीच चालवील असं वाटत होतं. १९२१मध्ये मनोरमा गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्या अखेरच्या काळातही त्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्याच्या कामाला लागलेल्या होत्या.

इथे एक रेघ ओढायचा मोह होतो : आईवडील दुष्काळात गेले, म्हणूनच तर रमाबाईंनी पुढे दुष्काळातल्या मुली वाचवल्या, बघा देवाची योजना! मला वाटतं, ही रेघ आपण ओढू नये. देव वाईटातून चांगलं घडवतो, हे योसेफाच्या गोष्टीतही आहे. पण योसेफाने ते स्वतःच्या दुःखाबद्दल, स्वतःच्या तोंडाने आणि कितीतरी वर्षांनी म्हटलं. दुसऱ्याच्या दुःखाचं कारण आपण परस्पर ठरवू नये. रमाबाईंकडून मला घ्यावीशी वाटते ती एक साधी गोष्ट. कारण कळलं नाही तरी कबुली थांबली नाही आणि कामही थांबलं नाही.

आईने काय सांगितलं

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. नोव्हेंबरमध्ये, आजार परत आल्यावर, मी आईच्या पलंगाशी बसून रडत होते. म्हटलं, "आई, मी सगळ्यांसमोर साक्ष दिली होती गं. आता लोकांना काय सांगू?" तिला बोलायला त्रास होत होता. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "तू तेव्हा रिपोर्टची साक्ष दिलीस. आता प्रभूची दे."

तेव्हा मला त्याचा रागच आला होता. मला ती बरी व्हायला हवी होती, मला उपदेश नको होता. अर्थ कळायला वर्ष गेलं.

'कबुली'साठी नव्या करारात जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ 'तेच म्हणणं' असा आहे. देव जे म्हणतो, तेच आपणही म्हणायचं. त्यापेक्षा कमी नाही. आणि जास्तही नाही. गप्प बसून मी कमी म्हणत होते. ३१ डिसेंबरला मी जास्त म्हणाले होते.

पुनरुत्थानाच्या रविवारी मी पुन्हा उभी राहिले. दोन मिनिटंच बोलले. आजार परत येणार नाही असं मी म्हणाले होते, ते माझं होतं, देवाचं नव्हतं, त्याबद्दल क्षमा करा. आई का गेली मला माहीत नाही. मी अजून रडते. तरी येशू प्रभू आहे, तो मेला होता आणि जिवंत झाला आहे, आणि माझी आई त्याची आहे. एवढंच. टाळ्या वाजल्या नाहीत. नंतर बाहेर तीन जण आले आणि त्यांनी आपापल्या न ऐकलेल्या प्रार्थनांबद्दल सांगितलं. त्यातले एक काका तर मला वीस वर्षं ओळखतात.

ऑफिसच्या मैत्रिणीलाही मी जवळजवळ हेच सांगितलं. ती वाद घालेल असं वाटलं होतं. ती काहीच बोलली नाही. पण दोन महिन्यांनी तिच्या वडिलांचं ऑपरेशन होतं, तेव्हा तिने मला प्रार्थना करशील का म्हणून विचारलं. मी केली. काय होईल याबद्दल मी काही सांगितलं नाही. हॉस्पिटलमध्ये तिच्याबरोबर बसून राहिले.

शेवटी पुन्हा पेत्र. गालील समुद्राच्या काठी उठलेला येशू त्याला तीनदा विचारतो. काय विचारतो? माझी योजना तुला आता समजली का, असं नाही. माझ्यावर प्रीती करतोस का, असं. मग म्हातारपणी जिथे जायची इच्छा नसेल तिथे तुला नेतील, हेही सांगतो. पेत्र लगेच मागे वळून योहानाकडे बघतो आणि विचारतो की, याचं काय? आपणही हेच करतो, बहुतेक वेळा इन्स्टावर. तिचं लग्न ठरलं, त्याची आई बरी झाली, मग माझं काय? येशू म्हणतो की, त्याच्याशी तुला काय, तू माझ्यामागे ये.

पुन्हा तेच शब्द. तीच मागची जागा. पण या वेळी पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावत नाही.

आज स्वतःला विचारू या

१. मी देवाच्या नावाने बोलते किंवा बोलतो, त्यात देवाचं किती आणि माझ्या इच्छेचं किती?
२. पुन्हा तोंडघशी पडू नये म्हणून मी कुठे गप्प बसलो आहे का?
३. दुःखात असलेल्या कुणाला या आठवड्यात कारण न सांगता मला भेटता येईल का?

प्रार्थना

प्रभू येशू, तू ख्रिस्त आहेस, हे आम्ही म्हणतो, पण अनेकदा आमच्या मनातलं चित्र वेगळंच असतं. ते चित्र मोडताना आम्हाला सोडू नकोस. जे तू बोलला नाहीस ते तुझ्या नावावर सांगण्यापासून आम्हाला आवर, आणि जे तू बोललास ते सांगायला धैर्य दे. आज जे रिपोर्टची, निकालाची, एखाद्या फोनची वाट बघत आहेत, त्यांच्याजवळ राहा. वाट दिसत नाही तेव्हा आम्हाला तुझ्या मागे चालव. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.